विज्ञानपटातली हाणामारी: हाताने घडवलेली की संगणकावर काढलेली?

सडा_आणि_समुद्र (वेंगुर्ला)

नवा विज्ञानपट आला की आमच्या नाक्यावर हा वाद पेटतोच. एक गट म्हणतो, संगणकाने सिनेमाचा जीव घेतला. दुसरा म्हणतो, रबराचे राक्षस आता शाळकरी पोरंही ओळखतात. मला दोन्ही मतं पटत नाहीत. का पटत नाहीत ते जरा विस्ताराने लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सुरुवात 'ज्युरासिक पार्क'पासूनच करावी लागते. १९९३ चा सिनेमा, पण त्यातला पावसातला टी-रेक्स आजही अंगावर येतो. स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेने हा प्राणी पूर्ण आकाराचा घडवला होता. लांबी सुमारे १२ मीटर, वजन कित्येक टन, आत हायड्रॉलिक यंत्रणा आणि वर फोमची कातडी. पावसात फोमने पाणी धरलं, वजन वाढलं आणि अख्खा प्राणी थरथरायला लागला. मग दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन डायनोसॉर पुसत बसायची. पावसाळ्यात ज्यांनी शाडूची मूर्ती वाळवायचा प्रयत्न केलाय त्यांना ही धडपड वेगळी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. त्या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर दिसतात साधारण पंधरा मिनिटं, आणि त्यातली संगणकाची फक्त सहाएक. टी-रेक्सचं डोकं गाडीच्या काचेवर येतं तेव्हा ते खरं डोकं असतं. त्यावर पडणारा पाऊस खरा, गाडीच्या दिव्याचा उजेड खरा, काचेला लागलेला नाकपुडीचा श्वासही तिथल्या तिथे. पुढच्याच शॉटमध्ये तो पूर्ण देहाने चालतो, तेव्हा तो संगणकाचा. आपल्याला सांधा दिसत नाही. ओलं कातडं कसं चमकतं, ते वजन जमिनीवर कसं येतं, हे डोळ्याला आधीच्या शॉटने शिकवलेलं असतं. संगणकावर बसलेल्या माणसांसमोरही तोच खरा नमुना होता.

'टर्मिनेटर २' (१९९१) घ्या. वितळणारा यंत्रमानव टी-१००० म्हटलं की सगळे म्हणतात, संगणक. पण त्याच्या छातीवर गोळी लागते आणि चांदीचं फूल उमलल्यासारखी जखम दिसते ना, ती बहुतेक ठिकाणी फोमरबरची आहे. वर चकचकीत मुलामा, आत स्प्रिंग, आणि सगळं कपड्याखाली दडवलेलं. खूण केली की झटक्यात उघडायचं. टी-१००० पहारेकऱ्याचं रूप घेऊन लादीतून वर येतो आणि समोर खरा पहारेकरी उभा असतो, तिथे जुळे भाऊ वापरलेत. नायिका लिंडा हॅमिल्टनच्या जुळ्या बहिणीलाही काही शॉटमध्ये उभं केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की चित्रीकरणाच्या जागी काहीतरी खरं हवं. त्याला वजन हवं, त्यावर तिथलाच उजेड पडायला हवा. त्यावर संगणकाने हवे तेवढे मजले चढवावेत. नुसत्या हिरव्या पडद्यासमोर (त्याच्या जागी नंतर संगणकाचं दृश्य बसवतात) उभं राहून केलेली लढाई मला दहा मिनिटांत थकवते. तुमची उदाहरणं द्या, विरुद्ध मत असेल तर नक्की द्या.

रोटोवाला (मूळ रत्नागिरी, सध्या मुंबई)

चांगला धागा. मी याच धंद्यात आहे, रोटो आणि पेंट विभागात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रोटो म्हणजे शॉटमधल्या माणसाची कड एकेका फ्रेमला आखून त्याला मागच्या दृश्यातून वेगळं काढायचं. पेंट म्हणजे दोर, क्रेन, सुरक्षेचे पट्टे, चुकून दिसणारा माइक, हे सगळं पुसून मागची जागा भरून काढायची. केसांची कड असेल तर चार सेकंदांच्या शॉटला दिवस जातात.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) चं कौतुक सगळे एकाच वाक्यात करतात, की सगळं खरं आहे. नामिबियाच्या वाळवंटात गाड्या खऱ्याच पळवल्या, खांबांवर झोके घेणारी माणसं खरीच झुलली. ते करणाऱ्यांना माझा दंडवत. पण त्या सिनेमात दोन हजारांवर व्हीएफएक्स शॉट, म्हणजे नंतर संगणकावर काम केलेले शॉट, आहेत. झुलणाऱ्या माणसांचे सुरक्षेचे दोर कुणीतरी पुसले. आधीच्या टेकमध्ये वाळूत उमटलेले चाकांचे माग कुणीतरी पुसले. नायिकेचा अर्धा हात कापलेला दिसतो, तो शार्लीझ थेरॉनचा धडधाकट हात हिरव्या बाहीत होता आणि नंतर काढला गेला. धुळीचं वादळ तर संगणकाचंच. निळ्या रात्रीचे प्रसंग भर उन्हात घेऊन नंतर रंग बदललेत.

मला राग येतो तो जाहिरातीचा. 'यात संगणक वापरलेला नाही' असं कुणी छातीठोक सांगतं तेव्हा रात्र रात्र जागून दोर पुसणाऱ्यांना पडद्याआड ढकललं जातं. मी एका मोठ्या परदेशी सिनेमावर काम केलं, माझ्या तुकडीतल्या एकाचंही नाव श्रेयनामावलीत आलं नाही. २०१३ साली रिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स कंपनीचं दिवाळं वाजलं आणि त्याच महिन्यात तिच्याच कामाला 'लाइफ ऑफ पाय'साठी ऑस्कर मिळालं. त्या कंपनीच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. तेव्हा 'संगणकाने सिनेमा बिघडवला' म्हणताना जरा थांबा. वाईट संगणकाचं काम म्हणजे बहुतेक वेळा घाईचं काम असतं. शेवटच्या महिन्यात दिग्दर्शक राक्षसाचं रूपच बदलतो आणि तारीख मात्र तीच राहते.

पेटारा (कुडाळ)

रोटोवाला, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. हे सगळ्यांनी वाचायला हवं.

मी दशावताराच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे पोस्टरवर अजूनही ठळक छापलेलं असतं, 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग'. जत्रेच्या रात्री लोक त्यासाठी बसून राहतात. पूर्वी राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ मारायचे. भक्कन भडका उठायचा, पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकायची. पण मला नेहमी दिसलं ते नटाच्या तोंडावरचं. समोर भडका उठला की देवाचं काम करणारा नटही क्षणभर डोळे बारीक करतो. उजेड त्याच्या मुकुटावर येतो, तोंडाला ऊब लागते. अभिनय करावा लागत नाही, अंगच उत्तर देतं.

म्हणून मला 'इन्सेप्शन' (२०१०) मधली हॉटेलच्या बोळातली मारामारी आवडते. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनच्या जुन्या विमानशेडमध्ये सुमारे शंभर फुटांचा बोळ बांधला आणि तो अख्खा गोल फिरवला. नट भिंतीवर पडतो तेव्हा खरोखर पडतो, कारण भिंतच खाली आलेली असते. त्याच्या कितीतरी आधी '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) अडतीस फूट व्यासाचं, तीस टनांचं चाक बांधलं होतं. अंतराळवीर त्यात धावतो, म्हणजे तो तळाशीच असतो आणि चाक फिरतं. कॅमेरा चाकाला जखडला की माणूस भिंतीवरून छतावर गेलेला दिसतो. युक्ती सांगितली तरी बघताना डोकं गरगरतंच.

आपल्याकडचं सांगायचं तर 'कल्की २८९८ एडी' (२०२४) मधली बुज्जी गाडी. महिंद्र आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह यांनी मिळून सहा टनांची चालती गाडी बनवली. सिनेमा कसा वाटला तो मुद्दा वेगळा, पण ती गाडी वळण घेते तेव्हा वजन कळतं.

बंदरावरचो (मालवण)

माका सिनेमातला टेक्निक कळणा नाय, पण पाण्याचा कळता. होडयेत उभो रवलेलो माणूस कधीच सरळ नसता. लाट येवच्या आदी तेचे गुडघे वाकतत. तेका सांगूचा लागणा नाय, पायाकच कळता. स्टुडिओत नट हलता आणि मगे होडी हलता. दर्यात आदी होडी हलता.

'गॉडझिला मायनस वन' बघलंय, जपानी. त्यात सुरुंग काढूक जाणारी लाकडाची होडी आसा आणि तिच्या फाटसून गॉडझिला पोवत येता. गॉडझिला संगणकाचो, पण होडी खरी, दर्यात नेलेली. माणसांची तोंडा बघलास तर कळता की तेंच्या पोटात ढवळता हा. म्हणान माका ता खरा वाटला.

रोटोवाला

+१. आणि त्या सिनेमाचं आणखी एक सांगतो. ६१० व्हीएफएक्स शॉट, आणि काम करणारे कलाकार फक्त ३५. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचा प्रमुख होता. २०२४ चं ऑस्कर त्यांना मिळालं. दिग्दर्शकाला काय हवंय ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल तर एवढ्याशा तुकडीत समुद्र उभा राहतो.

संगणकात पाणी करणं फार अवघड असतं, हेही सांगायला हवं. मुख्य लाट वेगळी काढतात, तिच्या डोक्यावरचा फेस वेगळा, उडणारे तुषार वेगळे, पाण्याखालचे बुडबुडे वेगळे. हे सगळं नंतर एकावर एक बसवायचं. होडीने कापलेलं पाणी आणि होडीच्या बुडाची कड जुळली नाही तर अख्खा शॉट खोटा पडतो.

सडा_आणि_समुद्र

बंदरावरचो, तुमचा मुद्दा एकदम नेमका. पाण्याचं निघालंय तर छोट्या प्रतिकृतींबद्दल लिहितोच, कारण जुने लोकही पाण्यापाशीच अडायचे.

प्रतिकृती लहान असली की सगळं जास्त भराभर पडतं. दहा मजली इमारत कोसळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गुडघ्याएवढ्या मॉडेलला लागत नाही. मग कॅमेरा वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर ते सावकाश दिसतं. किती वेगाने, तर प्रमाणाच्या वर्गमूळाइतक्या पटीने. मॉडेल मूळच्या सोळाव्या हिश्शाएवढं असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. 'इंडिपेंडन्स डे' (१९९६) मधलं व्हाइट हाउस असंच बाराव्या हिश्शाएवढं बांधून उडवलं होतं. ते आजही बघवतं.

पाणी मात्र या हिशेबात पूर्ण बसत नाही. लाटेचा वेग फ्रेमने सांभाळता येतो, थेंबाचा आकार सांभाळता येत नाही. पृष्ठताणामुळे, म्हणजे पाणी स्वतःला घट्ट धरून ठेवतं त्यामुळे, थेंब ठरावीक आकाराखाली सहजी फुटत नाही. म्हणून छोट्या जहाजावर उडालेला थेंब नारळाएवढा दिसतो आणि डोळा लगेच सांगतो की हे हौदातलं आहे. जुने समुद्री प्रसंग नीट बघा, जहाज उत्तम असतं, घात थेंबच करतात. इथे संगणकाने खरोखर उपकार केलेत, हे मी मोकळेपणाने म्हणतो.

कुळथाची_पिठी (देवगड)

पहिल्यांदाच लिहितेय. 'एलियन' (१९७९) बद्दल कुणी काही म्हटलं नाही म्हणून राहवलं नाही.

तोंडाला चिकटणारा तो प्राणी मरतो आणि टेबलावर उलटा ठेवून त्याला तपासतात, तो प्रसंग आठवा. आतलं सगळं ओलं, पारदर्शक, जिवंत वाटतं. त्या शॉटसाठी त्यांनी ताजी कालवं, शिंपल्यांतलं मांस आणि मेंढीचं मूत्रपिंड मांडलं होतं. मी लहानपणापासून खडकावरची कालवं फोडत आलेय. शिंप उघडल्यावर त्या गरावर जी चमक असते ना, राखाडी, कडेला काळसर झालर आणि मध्ये दुधी, ती घटकाभरच टिकते. नंतर गर आकसतो आणि चमक मरते. म्हणजे तो शॉट त्यांनी झटपट उरकला असणार. अशी चमक रबराला येत नाही, आणि संगणकावर आणायला प्रकाश कातडीच्या आत शिरून बाहेर कसा पडतो त्याचा हिशेब मांडावा लागतो. माझा भाचा ते शिकतोय, त्याने मला समजावलं.

दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या माणसांनी बाजारात जाऊन हे आणलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चिपळूण_सीजी (चिपळूण)

सगळं वाचलं. कालवांची माहिती भारीच. पण मी थोडा विरोध करणार आहे, कारण इथे सगळे वस्तूंबद्दल बोलताहेत आणि पात्रांबद्दल कुणीच नाही.

'प्लॅनेट ऑफ द एप्स'ची २०११ पासूनची नवी मालिका घ्या. त्यातला सीझर हा वानर म्हणजे नट अँडी सर्किस, त्याच्या हालचाली टिपून त्यावर संगणकाने वानर चढवलाय. चेहऱ्यावर ठिपके, डोक्याला छोटा कॅमेरा, आणि दुसऱ्या भागापासून तर थेट जंगलात, पावसाचिखलात चित्रीकरण. मुखवटा घालून हे होणार नव्हतं, कारण मुखवटा डोळ्याभोवतीची कातडी अडकवतो. सीझर रागावतो तेव्हा आधी खालची पापणी ताणली जाते. मी तो भाग थांबवून थांबवून बघितलाय. इथे पडद्यावर दिसणाऱ्या सीझरचा एकही केस खरा नाही, तरी मला सगळं खरं वाटतं.

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) तसंच. सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये केलेला सिनेमा. जोहान्सबर्गच्या वस्तीत जेसन कोप नावाचा नट राखाडी पोशाखात खरोखर उभा राहायचा, समोरचा नट त्याला धक्का द्यायचा, मग त्याच्या जागी परग्रहवासी बसवला.

आणि 'अवतार: द वे ऑफ वॉटर' (२०२२). त्यात नटांना सुमारे ३४ लाख लिटरच्या टाकीत उतरवलं. केट विन्स्लेटने सात मिनिटांहून जास्त श्वास रोखला. पाण्यावर हजारो पांढरे छोटे गोळे तरंगत सोडले होते, म्हणजे वरच्या दिव्यांचा उजेड खाली कॅमेऱ्यांना त्रास देणार नाही आणि माणूस त्यातून डोकं वर काढू शकेल. पडद्यावर त्या टाकीतलं थेंबभर पाणी दिसत नाही. तरीही पोहणं खरं आहे, कारण पाण्याचा रेटा अंगावर घेतलेला आहे. मग हा सिनेमा तुम्ही कोणत्या बाजूला टाकणार?

पेटारा

माझ्या बाजूला! नटाच्या अंगाला पाणी लागलं ना, मग झालं. राळेचं मी तेच म्हणत होतो.

सडा_आणि_समुद्र

चिपळूण_सीजी, पापणीचं निरीक्षण फार आवडलं. मला वाटतं तुमची तिन्ही उदाहरणं मूळ मुद्द्याला बळच देतात. जंगल, वस्ती, टाकी, तिन्ही ठिकाणी नट खऱ्या जागेत होता आणि समोर माणूस होता. माझा विरोध आहे तो रिकाम्या हिरव्या खोलीत टेनिसच्या चेंडूला राक्षस समजून किंचाळायला लावण्याला.

जुनी_रिळं (सावंतवाडी)

तुम्ही मंडळी परदेशी उदाहरणं छान देता, पण घरचा वारसा विसरू नका. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करत, आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) ही त्या जादूचीच पुढची पायरी. 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी.

पुढे बाबूभाई मिस्त्री आले. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवायचा होता. त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. दोरा दिसत नाही, पेला हवेत उचलला जातो. त्यांना पुढे 'काला धागा' याच नावाने ओळखत. पन्नास वर्षांनी 'मिस्टर इंडिया' (१९८७) आला, त्यातली गायब होण्याची कामं पीटर परेरा यांची. तो मी ऐन तारुण्यात थिएटरात बघितला. लाल उजेडात माणूस दिसायला लागतो ही कल्पना किती सोपी आणि किती पक्की! खर्च नाही, पण प्रेक्षकाला नियम कळतो. नियम कळला की प्रेक्षक स्वतःच घाबरतो. आजच्या कितीतरी सिनेमांत राक्षसाला काय जमतं आणि काय जमत नाही हेच समजत नाही, मग तो कशानेही बनवलेला असो.

चिपळूण_सीजी

काका, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

रोटोवाला

हिरव्या पडद्याबद्दल राहिलं होतं. त्याचा खरा त्रास नंतरचा. पडद्याचा हिरवा उजेड नटाच्या मानेवर, केसांवर, चिलखतावर पसरतो आणि तो आम्हाला काढत बसावा लागतो. 'ड्यून'च्या (२०२१) लोकांनी यावर छान तोड काढली. पडदे हिरवे न घेता वाळूच्या रंगाचे घेतले. नटावर परतणारा उजेड मग वाळवंटाचाच असतो. विमानाची केबिन बुडापेस्टजवळ एका टेकडीवर उघड्या आभाळाखाली ठेवली होती, म्हणजे ऊन खरं. त्याआधी 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२०१३) ढगांच्या वरचं घर दाखवायला हवाईतल्या डोंगरावरून ढगांचं चित्रीकरण केलं आणि सेटभोवतीच्या पडद्यावर २१ प्रोजेक्टरने टाकलं. काचेत, डोळ्यांत, टेबलावर तेच ढग परावर्तित झाले. आमच्यासाठी पुसायला काही उरलंच नाही.

सड्यावरचं_भूत (राजापूर)

मोठी चर्चा वाचून धीर आला म्हणून विचारतो. आम्ही चार मित्र सड्यावर, म्हणजे गावच्या कातळाच्या पठारावर, छोटी फिल्म करतोय. जांभ्या खडकावर उतरलेलं परग्रहावरचं यान दाखवायचंय, समोरून माणसं पळताना. पैसे जवळपास नाहीतच. एक कॅमेरा आहे, एक बरा संगणक आहे. कुठून सुरुवात करावी?

सडा_आणि_समुद्र

सडा असल्यामुळे निम्मं काम झालंय. सपाट जागा आणि लांबवर क्षितिज. थर्माकोल आणि पुठ्ठ्याचं दोन-तीन फुटांचं यान करा, जुन्या रेडिओचे, पंपाचे भाग वर चिकटवा, राखाडी रंग द्या आणि त्यावर खरी लाल माती पाण्यात कालवून थोडी फासा. ते कॅमेऱ्यापासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि माणसांना लांब मागे पळवा. यानाचं बूड क्षितिजाखालच्या जमिनीला नेमकं टेकलेलं दिसेपर्यंत कॅमेरा वरखाली करा, मग स्टँड जागेवर पक्का करा. भरपूर उजेडात घ्या, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट राहील. माणसं यानाच्या कडेने मागे पळाली तर संगणकही लागणार नाही.

रोटोवाला

आणि माझ्याकडून: त्याच जागी, कॅमेरा न हलवता, माणसं आणि यान दोन्ही काढून एक मिनिट रिकामं दृश्य घ्या. नंतर काहीही पुसायचं झालं तर मागची जागा हाताशी असेल. एक चकचकीत स्टीलचा गोल गडू यानाच्या जागी धरून त्याचाही शॉट घ्या. ऊन कुठून येतंय, आभाळ किती उजळ आहे, ते सगळं त्यात दिसतं आणि संगणकावर काही घालायचं झालं तर त्याच उजेडाने घालता येतं. ढगाळ दिवस निवडलात तर सावल्या जुळवायचं काम कमी. चित्रीकरण झालं की मला व्यक्तिगत निरोप करा, कडा आखून देतो. श्रेयनामावलीत माझं नाव घाला म्हणजे झालं.

सड्यावरचं_भूत

नक्की घालणार, सगळ्यांच्या आधी. गडू आजीकडून मागून आणतो. यानाचा पहिला फोटो इथेच टाकेन.